कृष्णा खोऱ्यातील नदीमाशांची गणना : क्षेत्रीय तंत्रसहाय्यकाचे कार्य

प्रस्तावना

महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा सातारा व सांगली जिल्ह्यांतून वाहताना माहुलीस वेण्णा, कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा यांना सामावून घेते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ या नदीत मोठ्या प्रमाणावर मासे मेले. काठावरील मृत मासे मोजता येतात. परंतु आधी नदीत किती व कोणते मासे होते याची नोंद नसेल, तर हानीचे खरे प्रमाण ठरत नाही. ही नोंद करणे हे क्षेत्रीय तंत्रसहाय्यकाचे कार्य होय.

गणनेची पद्धती

वाहत्या नदीतील सर्व मासे मोजणे अशक्य असते. म्हणून निश्चित ठिकाणी, ठरावीक ऋतूत, त्याच आसाचे जाळे तितकाच वेळ लावून मिळालेल्या माशांची तुलना केली जाते. जाळे किंवा वेळ बदलल्यास दोन वर्षांची तुलना निरर्थक ठरते. डोहात एक मासा आढळतो, तर खळाळत्या उथळ पाण्यात दुसराच. त्यामुळे दोन्हींचे नमुने आवश्यक असतात. हाताळताना हात ओले ठेवावे लागतात, अन्यथा माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. लांबी व वजन नोंदवून मासा त्वरित पाण्यात सोडला जातो.

एखाद्या डोहातील एकूण संख्येचा अंदाज खुणेच्या पद्धतीने येतो. समजा, १०० माशांच्या पराचे टोक किंचित कापून ते सोडले. काही दिवसांनी पकडलेल्या ८० माशांत ८ खुणेचे आढळले, तर एकूण संख्या १०० × ८० ÷ ८, म्हणजे सुमारे १,००० ठरते. मात्र मधल्या काळात मासे डोहाबाहेर गेले किंवा बाहेरून आले नसावेत, तसेच खुणेमुळे ते मेले नसावेत, ही अट महत्त्वाची आहे. पावसाळ्यात ती पाळली जात नाही.

जातींची ओळख

मरळ, वाम, शिंगटा व महाशीर यांच्याबरोबर चिलापी आणि आफ्रिकी मांगूर यांसारख्या परकीय जातींचीही स्वतंत्र नोंद हवी. या बाबतीत कावेरीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे दख्खनी महाशीराची बीजे सोडल्यानंतर मूळचा कुबडा महाशीर मागे पडला. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्यावर हा बदल उघड झाला. केवळ ‘महाशीर’ अशी एकत्र नोंद झाली असती, तर एकूण आकडा समाधानकारक दिसला असता आणि एका जातीचा ऱ्हास झाकला गेला असता.

पाण्याची नोंद

माशांबरोबर पाण्याचे तापमान, सामू व विरघळलेला प्राणवायूही मोजला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यसंवर्धनासाठी प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच सेंद्रिय सांडपाणी मिसळल्यास जीवाणू उरलेला प्राणवायूही संपवतात. पहाटे हे प्रमाण नीचांकी असल्याने केवळ दुपारची मोजणी दिशाभूल करते.

समारोप

सारांश, या कामाचे मोल एका दिवसाच्या जाळ्यात नसून सातत्यात आहे. कराड व सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी प्रतिवर्षी त्याच घाटांवर अशी नोंद ठेवल्यास, पुढील आपत्तीनंतर नदीने काय गमावले याचे उत्तर अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने देता येईल.