अग्रक्रमाची किंमत

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकांचे जाळे म्हटले की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ते विज्ञानवाल्यांचे राखीव कुरण वाटते. पण त्याच्या पोटात जे आहे ते आपल्या चांगले ओळखीचे आहे. रांग! एका इमारतीतले अनेक संगणक एकाच तारेवरून किंवा एकाच वायफायवरून बोलतात. एका वेळी एकाने बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. मग आधी कोणी?

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत निघालेल्या इथरनेटमध्ये लहानथोर कोणी नव्हते. दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचे आणि नशिबाने येईल तेवढे थांबून पुन्हा सुरू करायचे. पुढे १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या टोकन रिंगमध्ये मात्र ० ते ७ अशा आठ पायऱ्या होत्या. बोलण्याचा परवाना वर्तुळात फिरे. तातडीचे काम असणारा आपली पायरी आधी नोंदवून ठेवी, आणि परवाना सोडणारा संगणक तो तेवढा वर चढवून सोडी. ज्याने चढवला त्यानेच पुढे खाली आणायचा, असा दंडक होता. (आपल्याकडे चढवणारे पुष्कळ, उतरवणारा सापडत नाही!)

२००५ साली वायफायलाही चार वर्ग मिळाले. आवाज पहिला, चित्रफीत दुसरी, साधी कामे तिसरी, मागे चालणारी कामे चौथी. शिष्यवृत्तीचा अर्ज हा बिचारा तिसऱ्या वर्गाचा प्रवासी. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच. घरी संगणक नाही, तेव्हा अर्ज भरायचा तो कॉलेजच्याच जाळ्यावरून. म्हणून या हिशेबात मला रस.

हा हिशेब १९५४ साली कोबॅमने मांडला. समजा, एक निरोप जायला सरासरी १ क्षण लागतो, निरोप केव्हाही येतात, आणि तार ८० टक्के वेळ गुंतलेली आहे. भेदभाव नसेल तर प्रत्येकाला सरासरी ४ क्षण थांबावे लागते. आता चौथा हिस्सा निरोपांना अग्रक्रम द्या. ते १ क्षणात सुटतात, उरलेले ५ क्षण थांबतात. सरासरी काढून पाहा, पुन्हा ४ च! थांबणे कमी झाले नाही, फक्त दुसऱ्याच्या पदरात पडले. क्लाइनरॉकने १९६५ च्या सुमारास हाच नियम व्यापक रूपात सिद्ध केला.

पाच क्षण कोणीही सोसेल. पण अर्जाची शेवटची तारीख आली, साधी कामे वाढली आणि तार ९० टक्के भरली, की वरचा वर्ग सव्वा क्षणाच्या आतच सुटतो. खालचा मात्र सव्वाअकरा क्षण ताटकळतो. वरच्यांना गर्दीचा पत्ताही लागत नाही, आणि वर्ग ठरवणारे बहुधा वरच्याच वर्गात असतात.

मी दुसरेही गणित करून पाहिले. अग्रक्रम तसाच ठेवून त्या ८० टक्क्यांच्या तारेचा वेग दुप्पट केला. खालच्या वर्गाचे ५ क्षण अर्ध्या क्षणाच्याही आत आले.