भाव फुगलाय, पण उतरणार कधी?

ऑगस्ट 2021मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तेव्हा चाकूरला आमच्या आडतीवर बसणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की हा भाव टिकायचा नाही. हमीभाव होता 3,950. तरी भाव उतरला तो सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि नवा माल यायला लागला तेव्हाच. ऑक्टोबरात पाच हजारांच्या आसपास आला.

आता असाच फुगलेला भाव बघून आडतीवर येणारी पोरं मोबाइलवर शेअर ‘शॉर्ट’ करतात. म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडला की घ्यायचा. मी त्यांना आधी कंपनीचा ताळेबंद उघडायला लावतो. समजा भाव 900 रुपये आणि शेअरमागे वर्षाचा नफा 9 रुपये, म्हणजे शंभर पट. नफा दरसाल 20 टक्क्यांनी वाढला तरी पाच वर्षांनी तो 22 रुपयांच्या आसपास जाईल. आजचा भाव तेव्हाही चाळीस पट ठरेल. मग रोख प्रवाहाचं पान बघायचं. नफा वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही आणि येणी फुगतायत, तर माल उधारीवर खपतोय. आडतवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवलेत का, हेही बघायचं.

एवढं जुळलं तरी सौद्याची घाई नको. शेअरदलाल हर्षद मेहताच्या काळात एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशेच्या आसपासून 1992मध्ये नऊ हजारांवर गेला. तीन हजारांवर मंदी करणाऱ्याचा हिशेब चुकला नव्हता, तरी तो तिप्पट भावाखाली चिरडला गेला असता. चढ्या भावामागचा पैसा बँकांचा होता आणि तो कंपनीच्या ताळेबंदात दिसणार नव्हता. 23 एप्रिल 1992ला पत्रकार सुचेता दलाल यांची या पैशाबद्दलची बातमी छापून आली, त्यानंतर बाजार कोसळला. म्हणून खरेदी कोण करतंय आणि कुणाच्या पैशानं, हेही विचारावं लागतं.

शंभराला घेतलेल्या शेअरात फार तर शंभर जातात. शंभराला शॉर्ट केलेल्यात तोट्याला मर्यादाच नाही. रोखीच्या बाजारात केलेला शॉर्ट त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. शेअरला वरचं सर्किट लागलं, म्हणजे भावानं त्या दिवसाची वरची मर्यादा गाठली, की विकणारा सापडत नाही आणि प्रकरण लिलावात जातं. वायद्यात मुदत मिळते, पण भाव चढला की रोज मार्जिन भरावं लागतं.

सेबीच्या पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या काळात वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यामुळे पोरांनो, भाव कशामुळे पडेल ते कारण आणि किती तोट्यावर बाहेर पडायचं तो आकडा आधी वहीत लिहा. लिहिता आलं नाही तर तो सौदा करू नका.