काचेच्या कौलाचं घर

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच उरणच्या मोऱ्याला लागते ती भरती-ओहोटी पाहून. पाणी फार ओसरलं की गाळामुळे फेऱ्या थांबतात. बंदरातून कोळीवाड्यात शिरलं, की स्लॅबच्या दोन घरांमध्ये एखादं जुनं कौलारू घर अजून दिसतं. माझे पाय तिथे थांबतात.

घराचा जीव ओटीवर. पाहुणा टेकतो तो इथेच, फाटलेलं जाळं पसरून शिवायचं तेही इथेच. लग्नघरी धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नगीतं, ऐकायला बायका इथेच दाटीने बसतात. आत माजघर, देवघर, मागे चूल. शेती करणाऱ्या आगऱ्याच्या घरात भाताच्या कणग्यालाही जागा हवी, कारण खारजमिनीतलं पीक वर्षभर पुरवायचं असतं. जुन्या भिंती कुडाच्या: कारवीच्या काठ्यांवर दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप. छप्पर भिंतीपुढे हातभर उतरतं ते या मातीला पावसाचा मारा लागू नये म्हणून.

छपराची गोष्ट मात्र समुद्रावरून आली. आधी कुंभाराची नळीची कौलं असत. एकमेकांवर नुसती टेकलेली. वाऱ्याने, मांजराने सरकली की गळती. दर पावसाळ्याआधी घर शाकारल्याशिवाय सुटका नसे. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेलं ते खाचांचं कौल शेजारच्या कौलात अडकून बसतं आणि रिपेला धरून राहतं. समुद्रमार्गाने ते बंदराबंदरांत पोचलं. असं एखादं जुनं कौल हातात घेऊन पाहावं: कारखान्याचं नाव आणि 1865 हे साल त्यावर उठवलेलं सापडतं. घरच्या माणसांनी ते कितीदा तरी पुसलं असेल, वाचलं क्वचितच.

हीच कौलं आता उतरताहेत, ती जमिनीपायी. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी उरणच्या जमिनी जाऊ लागल्या. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड देण्याचा निर्णय झाला. पण गावठाणं होती तेवढीच राहिली आणि घरं वाढली. भाऊ वेगळे झाले की खोली वरच चढवायची, आणि कुडाची भिंत मजला पेलत नाही. म्हणून कौलं उतरतात. घर पाडणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. वाईट मात्र वाटतं.

अजून उभ्या असलेल्या अशा घरात चुलीच्या वर एकच कौल काचेचं असतं. तिथून उन्हाचा चौकोन सकाळी भिंतीवर पडतो, दुपारी सारवलेल्या जमिनीवर उतरतो. चुलीचा धूर त्या उन्हातून जाताना निळा दिसतो.