भरतीचा हिशेब

वैशाख महिना म्हणजे घरात माणसांची दाटी. अंगणात कुरडया, पापड आणि सांडगे वाळत असतात. पोरांच्या शाळेला सुटी असते. लेक माहेरी येते, तिच्याबरोबर नातवंडे येतात. लग्नसराई तर दारात उभीच. एका लग्नाची हळद निघते न निघते तोच दुसऱ्या लग्नाची पत्रिका येते.

याच दिवसांत घाटावरची पुष्कळ मंडळी कोकणात उतरतात. कुणाची बहीण अलिबागकडे दिलेली असते. कुणाचा मुलगा पेणला नाहीतर महाडला कामाला असतो. कुणी वऱ्हाड घेऊन जातात, आणि आलोच आहोत तर पोरांना समुद्र दाखवू म्हणून दोन दिवस राहतात. जायलाच हवे. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याने एकदा तरी पाहावा. एवढे पाणी एका जागी पाहून माणूस गप्पच होतो.

पण घाटावरच्या माणसाला ठाऊक असते ती नदी, नाहीतर विहीर. पाऊस झाला की नदी चढते आणि उघडीप झाली की उतरते, हे आपण लहानपणापासून पाहतो. समुद्राचे तसे नाही. आकाशात ढगाचा ठिपका नसतो, तरी समुद्राचे पाणी चढते. सकाळी जिथे पोरे वाळूत खेळत होती, तिथे दुपारी पुरुषभर पाणी असते. पाणी चढते तिला भरती म्हणतात, उतरते तिला ओहोटी. दिवसरात्र मिळून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते.

ही भरती केव्हा येणार ते अगोदर सांगता येते. त्याला यंत्र लागत नाही. घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका वाचता आली आणि थोडा हिशेब जमला, की झाले.

असे समजा, एक शेतकरी बायकोमुलांना घेऊन अलिबागला गेला आहे. तिथे किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांच्या काळातला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांकडे होता. आत गणपतीचे देऊळ आहे. ओहोटीला पाणी हटले की किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. भरती आली की होडी लागते. आपला शेतकरी सकाळी साडेअकराला किनाऱ्यावर पोचतो. पाणी घोट्याएवढेच दिसते. शेजारी एक म्हातारा तांडेल जाळे दुरुस्त करीत बसला आहे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस.

"तांडेलमामा, पाणी तर घोट्याएवढंच हाय. जाऊन येतो की किल्ल्यात."

"जाल खुशाल. पण पाव्हणे, येणार कसे?"

"म्हंजी?"

"आज काय आहे?"

"शनवार."

"वार नको. समुद्राला वार कळत नाही. तिथी सांगा."

"तिथी... काल संकष्टी झाली. म्हंजी आज पंचमी."

"मग पाच पाऊणे किती? पावणेचार. पावणेचारला भरती पुरी होणार. साडेनऊला ओहोटी संपली, तेव्हापासून पाणी चढतंय. आता तुम्ही जाणार, देवदर्शन करणार, पोरं तटावर धावणार. दीड वाजता परत निघाल तेव्हा या वाटेवर तुमच्या छातीएवढं पाणी असेल. आणि या धाकट्या पोरीच्या डोक्यावरून जाईल. उद्या सकाळी नऊ-साडेनऊला या, आणि अकराच्या आत परत फिरा."

तांडेलाने जो हिशेब केला तोच आपण शिकून घेऊ.

आपल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असे. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाने ती पाऊणकी समुद्राला लावली. रीत अशी: त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पुऱ्या भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती पुरी होणार, आणि तशीच एक भरती पहाटेही येऊन गेलेली असणार. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही पंधरा धराव्या, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य पक्ष, हिशेब तोच. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते. मागची ओहोटी हवी तर तेवढेच तास वजा करावे.

हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा आहे. खाली मालवणकडे आणि गोव्याकडे भरती थोडी अगोदर येते. शिवाय अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. म्हणून घड्याळाच्या काट्यावर बेत आखू नये, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्यावाचून पाण्यात पाय घालू नये. आता मोबाईलवरही भरतीच्या नेमक्या वेळा मिळतात. तरी हा हिशेब यावा. मोबाईलची बॅटरी संपते, तिथी संपत नाही.

आता कुणी विचारील, तिथीचा आणि पाण्याचा संबंध काय? संबंध चंद्राचा आहे. तिथी चंद्रावरून मोजतात, आणि समुद्राचे पाणी ओढतो तोही चंद्रच.

पृथ्वी जशी सगळ्या वस्तू आपल्याकडे ओढते, तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो. जमीन घट्ट आहे, ती फारशी हलत नाही. पाणी पातळ, ते हलते. चंद्राच्या बाजूचे पाणी त्याच्याकडे ओढले जाऊन फुगते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ही ओढ सगळ्यात कमी पडते, म्हणून तिथले पाणी जणू मागे राहते आणि तिथेही फुगवटा येतो. असे दोन बाजूंना दोन फुगवटे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा आपला किनारा दिवसात दोनदा फुगवट्याखालून जातो. म्हणून भरत्या दोन.

पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून आज तीनला भरती आली तर उद्या चारच्या थोडी अगोदर येणार. चंद्रही रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, हे तुम्ही रात्री राखणीला गेला असाल तर पाहिलेच असेल. ५० मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. पाऊणकी आली ती इथून!

सगळ्या भरत्या सारख्या नसतात. सूर्यही पाणी ओढतो, पण तो फार दूर असल्यामुळे त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी पडते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांचा जोर एकत्र होतो. दोन बैल एकाच दिशेने ओढू लागल्यासारखे. तेव्हा पाणी फार चढते आणि ओहोटीला फार लांब हटते. याला उधाण म्हणतात. पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर सगळ्यांत अधिक असतो. अष्टमीच्या सुमाराला चंद्र एकीकडे आणि सूर्य आडव्या बाजूला, त्यामुळे जोर वाटला जातो. त्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणात ओहोटीचे पाणी आणि भरतीचे पाणी यांत चार मीटरांहून अधिक, म्हणजे १३-१४ फुटांचा फरक पडतो. भांगाला तो दीड-दोन मीटरच असतो. गुजरातेत भावनगरकडे खंबातचे आखात निमुळते होत गेले आहे, तिथे उधाणाला हाच फरक दहा मीटरांच्या घरात जातो.

यातली एक गोम लक्षात ठेवावी. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते. वेळ सोयीची वाटते. पण ती भांगाची ओहोटी, पाणी लांब हटतच नाही. तेव्हा किल्ल्यात पायी जाण्याचा बेत अष्टमीला आखू नये.

पाणी एका चालीने चढत नाही हेही माहीत हवे. ओहोटी संपल्यावर पहिला तासभर ते हळूहळू येते. माणसाला वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते भराभर चढते. शिवाय वाळू सपाट दिसली तरी सपाट नसते. तिच्यात खोलगट जागा असतात आणि त्या आधी भरतात. तुम्ही उंच वाळूवर कोरडे उभे असता, आणि तुमच्या पाठीमागे, किनाऱ्याच्या बाजूला, पाणी भरलेले असते. पुढचे पाणी पाहणाऱ्याला मागचे पाणी दिसत नाही.

हरिहरेश्वरला देवळामागे खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीलाच करायची. लाट येऊन माणसे ओढून नेल्याचे प्रकार तिथे झालेले आहेत. खडक ओला आणि शेवाळलेला असेल तर पुढे जाऊ नये. अर्ध्या वाटेवरून परत फिरले म्हणून देव रागावत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. शिकलेली, तरणीताठी मुले ती.  या गोष्टीला वर्षे लोटली, पण दरवर्षी सुटीच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या गावी असे रडणे ऐकू येतेच.

पोहता येते त्याने अधिक सांभाळावे. विहिरीत पोहणे निराळे आणि समुद्रात पोहणे निराळे. विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्रात लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, आणि ते पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोराने परत जाते. त्या वाटेत लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते, म्हणून माणूस नेमका तिथेच उतरतो. ही ओढ लागली की किनाऱ्याकडे हात मारून उपयोग नाही. पट्टीचा पोहणाराही दमतो आणि बुडतो. अशा वेळी धीर सोडू नये. पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी. ओढीची वाट फार रुंद नसते. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत तिच्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे यावे.

बायकांनी एक पाहावे. लुगडे किंवा साडी भिजली की जड होते आणि पायांना गुंडाळते. गुडघ्याएवढ्या पाण्यात एक लाट आली तरी तोल जातो. म्हणून घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि लहान मुलाचा हात धरायचा तो मनगटाला धरावा, बोटाला नव्हे. दारू प्यायलेल्या माणसाला तर पाण्याजवळ जाऊच देऊ नये, मग तो नवऱ्या मुलाचा मामा का असेना.

उन्हाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर गार वारा सुटतो. जमीन उन्हाने लवकर तापते, पाणी सावकाश तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. हे खारे वारे. रात्री उलट होते, जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यांना मतलई वारे म्हणतात. खारे वारे अंगाला गोड लागतात, पण त्यांनी दुपारच्या लाटा वाढतात. पोरांना खेळवायचे तर सकाळ बरी. मे महिना संपत आला की समुद्राचा रंगच बदलतो. पाऊस आपल्याकडे पोचण्याअगोदर दूरच्या वाऱ्याच्या मोठ्या लाटा किनाऱ्याला येऊन लागतात. १ जूनपासून तर कोळी लोकही होड्या किनाऱ्याला ओढतात. ज्या पाण्यात कोळी उतरत नाही, त्यात पाव्हण्याने उतरण्याचे कारण नाही. किनाऱ्यावर 'येथे पोहणे धोक्याचे आहे' अशी पाटी असते. आता तुम्हाला ती वाचता येते. बरोबरच्यांनाही मोठ्याने वाचून दाखवा.

एवढे करूनही कुणी बुडू लागलाच, तर पाठोपाठ उडी टाकू नये. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर फेकावा. दोर नसेल तर धोतर, साडी, पाण्याचा रिकामा बंद डबा, जे तरंगेल आणि धरता येईल ते फेकावे. कोळी बांधवांना हाक मारावी. ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते, १०८ वर रुग्णवाहिका येते. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटा टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे काही करू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालतो का ते पाहावे. चालत असेल तर कुशीवर निजवावे. चालत नसेल तर उताणे निजवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावावे आणि त्याची छाती वर येईल असा श्वास आत सोडावा. पाच वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून भराभर ३० वेळा जोराने दाबावे, आणि पुन्हा दोन श्वास द्यावे. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नये. एक दमला तर दुसऱ्याने करावे. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला, "मला काही झालं नाही, घरी चला" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.