पात्राची प्रजाती कशी निवडायची?

आजचा प्रश्न नव्या खेळाडूंचा: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राची 'स्पीशीज' कशी निवडायची?

आधी शब्दाचं बघू. पूर्वी नियमांत 'रेस' म्हणायचे, 2024 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये 'स्पीशीज' झालं. मराठीत पटकन तोंडात येतं 'जात'. तो शब्द टाळा. पहिल्यांदाच खेळायला आलेल्या पोराला 'तुझी जात कोणती?' विचारलं, तर तो अंग चोरूनच बसेल ना! 'प्रजाती' म्हणा. जरा पुस्तकी वाटतं, पण टोचत नाही.

नियमही बदललेत. 2014 च्या पुस्तकात एल्फ घेतला की चपळाई दोनने वाढायची, ड्वार्फ घेतला की काटकपणा. म्हणजे बरेचदा आकडे बघूनच निवड व्हायची. आता ती वाढ 'बॅकग्राउंड'मधून, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्यातून मिळते. प्रजातीकडे उरलं ते अंगचं वेगळेपण.

समजा, आपला खेळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारलाच घडतोय. उल्का आदळून काळ्या खडकात झालेलं विवर, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, तळाशी खारं पाणी. ड्वार्फ असाल तर दगडाला स्पर्श करून 60 फुटांपर्यंतची हालचाल ओळखता येईल. एल्फला झोपेची गरज नाही, चार तासांचं ध्यान पुरतं. रात्रीच्या पहाऱ्याला उत्तम. हाफलिंगच्या वीस बाजूंच्या फाशावर 1 पडला, तर तो पुन्हा टाकता येतो.

आणि शिंगं असलेला टीफलिंग? लोणारची कथा लवणासुराची. विष्णूनं त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर. तिथं टीफलिंग उतरला, तर लोक त्याला पाणी देतील का? की शिंगं बघूनच दार लावतील? गोष्ट रंगते ती इथंच.

पण डीएम लोकहो, हे आधी खेळाडूला विचारून घ्या. कुणी असा अनुभव घरून, गावातून सोबत घेऊनच आलेला असतो. त्याला तो खेळातही नको असेल, तर गावकऱ्यांना खुशाल दार उघडू द्या.

थोडक्यात, दोनच प्रश्न: मला काय वेगळं करता यावं? आणि लोकांनी माझ्याकडे कसं बघावं? उत्तरं मिळाली, की प्रजाती ठरलीच समजा.

पुढच्या भागात बॅकग्राउंड. भेटू!