जेवायला कोणाला बोलवाल?

"आवडत्या व्यक्तीला जेवायला बोलवायचं असेल तर कोणाला बोलवाल?" हा विषय सहावी-सातवीला देऊन बघा. बहुतेक वह्यांत एखादा क्रिकेटपटू येतो, "तो खूप छान खेळतो" असं वाक्य येतं आणि निबंध तिथेच बसतो. दोष मुलांचा नाही. पाहुण्याचं नाव लिहिलं, पण पाहुणा घरात आलाच नाही.

म्हणून मी फळ्यावर एक नाव लिहिते : बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, जळगावजवळचं असोदा. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतीकाम करताना त्या ओव्या रचत, घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. आता विचारा, या बाई आज संध्याकाळी आल्या तर ताटात काय वाढाल? कोणीतरी पनीर म्हणतंच! खानदेशची मुलं मात्र लगेच सांगतात, भरीत आणि कळण्याची भाकरी. मग पुढचे प्रश्न. त्यांना टेबल-खुर्ची द्याल की पाट? "तुम्ही लिहीत का नव्हता?" असं तोंडावर विचाराल, की दुसऱ्या शब्दांत? इथे मुलं खरा विचार करायला लागतात.

याच जोडीला रोजचे प्रश्न घ्या. "या एकदा जेवायला" हे आमंत्रण झालं का? माझ्या मते नाही. वार आणि वेळ सांगितली की ते आमंत्रण. उपवास आहे का, कांदा-लसूण चालतो का, कशाची अॅलर्जी आहे का, हे आदल्या दिवशी विचारावं. येणार नसू तर "बघतो" म्हणून लटकत ठेवू नये, यजमान कणीक किती भिजवणार? आग्रह एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा वाढलेला लाडू बहुधा ताटातच राहतो. (हे लिहिताना माझी आत्या आठवली, असो.)

एका वर्षी एका मुलीने फार सुंदर लिहिलं. बहिणाबाई, बाबा, आजोबा, भाऊ, ती स्वतः, सगळे पंगतीला बसलेत, गप्पा रंगल्यात. मी वहीत लाल पेनाने एवढंच विचारलं, "आई कुठे बसली आहे?" दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, आई भाकऱ्या थापतेय. गरम लागतात ना." मग थोडं थांबून, "पण बहिणाबाई तिच्याशीच बोलल्या असत्या ना?"

तिने शेवटचा परिच्छेद खोडून पुन्हा लिहिला. त्यात भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळल्या होत्या, आणि आईचं ताट पाहुण्यांच्या शेजारी होतं.

पालकांनो, हा निबंध मुलांनी घरी वाचून दाखवला तर त्या रात्री ताटं कशी मांडली जातात, तेवढं मला जरूर कळवा.