बॅटरी थकली की इंजिन का कुरकुरतं?

सकाळी किल्ली फिरवली की गाडी 'घुर्र… घुर्र…' करते, पण हेडलाइट लागतो. मग बॅटरी चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. गल्लत इथेच होते. एका दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, स्टार्टर मोटरला शंभराहून जास्त लागतात.

कारच्या बॅटरीत सुमारे 2.1 व्होल्टचे सहा सेल असतात, म्हणून पूर्ण चार्ज असताना मीटर 12.6 दाखवतो. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. दहावीच्या मुलांना ओहमच्या नियमाने हे गणित करायला द्याच. रोध 0.01 ओहम आणि धारा 150 अँपिअर असेल तर आतच दीड व्होल्ट जातात. रोध 0.03 झाला तर साडेचार! उरले जेमतेम 8.1. एवढ्यात स्टार्टर रेंगाळतो, ठिणगी कमजोर पडते, पेट्रोल पंपाचा दाबही कमी होतो. म्हणून बॅटरी तपासायची ती स्टार्टर मारताना.

इंजिन एकदा सुरू झालं की अल्टरनेटर साधारण 14 व्होल्ट पुरवतो. त्यामुळे घाटात पिकअप मिळत नसेल तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका, आधी अल्टरनेटर आणि फिल्टर बघायला सांगा. बॅटरी अगदीच गेली असेल तर अल्टरनेटरवर भार येऊन आयडलिंग डगमगतं, ते वेगळं.

आणि हो, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर चेक' करणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना थांबवा. व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू जळू शकतो, आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो.